‘नाही’ म्हणू शकणारे क्लब

ऑस्ट्रेलियात एखादा व्यावसायिक फुटबॉल क्लब बुडाला की त्याचं एक ठरलेलं कारण सांगितलं जातं. देश पावणेतीन कोटींचा आणि त्यात चार-चार तऱ्हांचे फुटबॉल. माणसं थोडी, खेळ फार. कुणाचा तरी बळी जाणारच. अर्थतज्ज्ञ हे सांगतात, क्रीडा वार्ताहर सांगतात आणि बुडालेल्या क्लबचा मालक तर हमखास सांगतो, कारण त्यात त्याची सुटका असते.

आपल्याकडच्या वाचकासाठी ही चार नावं आधी नीट मांडतो. मेलबर्न, ॲडलेड आणि पर्थचा ऑस्ट्रेलियन रूल्स, म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर अठरा-अठरा जणांनी अंडाकृती चेंडूने खेळायचा खेळ. सिडनी आणि ब्रिस्बेनच्या कामगार वस्त्यांतून वाढलेला तेरा जणांचा रग्बी लीग. महागड्या खासगी शाळांच्या मैदानांवरून आलेला पंधरा जणांचा रग्बी युनियन. आणि जगभर ज्याला फुटबॉल म्हणतात पण तिथे बहुतेक जण ज्याला सॉकर म्हणतात, तो. चौघांनाही हवीत तीच दणकट पोरं, तेच प्रायोजक, टीव्हीवरची तीच संध्याकाळ.

चौघांच्या खिशातला फरक प्रचंड आहे. रूल्सच्या ‘एएफएल’ने २०२५ ते २०३१ या सात वर्षांचे प्रक्षेपणहक्क ४५० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरना विकले (पुढेही डॉलर म्हणजे ऑस्ट्रेलियन डॉलरच समजावेत). वर्षाला सुमारे ६४ कोटी. सॉकरच्या ‘ए-लीग’ने २०२१ मध्ये केलेला करार पाच वर्षांसाठी २० कोटींचा होता, वर्षाला ४ कोटी. सोळा पट अंतर. आता खेळाडूची पळवापळवी होणारच. इस्राएल फोलाऊ हा रग्बी लीगचा तारा २०१० मध्ये रूल्सच्या नव्या सिडनीकर संघाने उचलला, २०१२ मध्ये मैदानात उतरवला, आणि पुढच्याच वर्षी तो रग्बी युनियन खेळत होता. रूल्सवाल्यांना त्याच्याकडून गोलांपेक्षा मथळे हवे होते, ते मिळाले. २०२३ मध्ये रग्बी युनियनने जोसेफ सुआली या कोवळ्या लीग खेळाडूसाठी तीन वर्षांचे सुमारे ५० लाख डॉलर मोजायचं कबूल केलं, आणि त्याच वर्षी त्या संघटनेने ८ कोटींचं कर्जही काढलं. घरात पीठ नसताना वरातीला हत्ती बोलवायचा, त्यातला हा प्रकार.

म्हणजे ते ठरलेलं कारण खोटं नाही. पण त्यातून खेळ गरीब का, एवढंच कळतं. क्लब का मेला, हे कळत नाही. श्रीमंत खेळातले क्लब बुडालेले आहेत आणि कफल्लक ठरवलेले क्लब तगून अजिंक्यपदापर्यंत पोचलेले आहेत. माझ्या मते खरा फरक दुसरीकडे आहे. क्लब विकायला, हलवायला किंवा बंद करायला कुणी निघालं, तर त्याला ‘नाही’ असं कायद्याने बजावण्याचा हक्क गावातल्या कुणाकडे आहे का? असेल तर क्लबला वेळ मिळतो. पैसा लागतोच, पण तो जमवायला वेळ लागतो, आणि वेळ फक्त या हक्कातून मिळतो.

हे पडताळायला न्यूकॅसल हे गाव फार सोयीचं आहे. सिडनीच्या उत्तरेला दीड-पावणेदोनशे किलोमीटरवर असलेलं हे कोळशाचं बंदर. बीएचपी कंपनीचा पोलाद कारखाना गावाचा पोशिंदा होता आणि तो बंद होणार असल्याची घोषणा १९९७ च्या एप्रिलमध्ये झाली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गावच्या ‘नाइट्स’ या रग्बी लीग संघाने अंतिम सामन्यात शेवटच्या काही सेकंदांत सिडनीच्या मॅनली संघाला २२-१६ असं हरवलं. गावात अजून त्या सामन्याबद्दल बोलताना लोक कारखान्याबद्दलही बोलतात, दोन्ही गोष्टी एकाच वर्षात घडल्या म्हणून.

पण त्या वर्षी न्यूकॅसलमध्ये आणखी एक व्यावसायिक लीग संघ होता, आणि त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही. रूपर्ट मर्डोक यांना आपल्या सशुल्क वाहिनीसाठी रग्बी लीग हवं होतं; ते सरळ मिळेना तेव्हा १९९५ मध्ये त्यांनी समांतर ‘सुपर लीग’ उभी करायला घेतली. खेळाडूंचे पगार एका रात्रीत कुठल्या कुठे गेले, आणि १९९७ मध्ये एकाच खेळाच्या दोन स्पर्धा शेजारी-शेजारी चालल्या. नाइट्सचा क्लब जुन्या संघटनेशी एकनिष्ठ राहिला, म्हणून सुपर लीगने त्यांच्या दारात ‘हंटर मरिनर्स’ नावाचा नवा संघ लावला. पैशाला तोटा नव्हता, खेळाडूही चांगले होते. गावाने पाठ फिरवली. एक हंगाम, आणि दुकान बंद. लोकसंख्या तीच, खेळ तोच. बाजार लहान असल्याचं कारण इथे कुठे लावणार?

पुढची गोष्ट जास्त बोलकी आहे. खाणीत इलेक्ट्रिशियन म्हणून कामाला लागलेले नेथन टिंकलर कोळशाच्या खाणींच्या सौद्यांतून तिशीतच अब्जाधीश झाले. २०१० मध्ये त्यांनी गावचा सॉकर क्लब ‘जेट्स’ घेतला, २०११ मध्ये नाइट्स. नाइट्स सभासदांचा क्लब होता, म्हणून मतदान घ्यावं लागलं. सभासदांनी जवळजवळ एकमुखाने विक्रीला होकार दिला. आपला माणूस, आपल्याच मातीतला पैसा. नाही कोण म्हणणार? दहा वर्षांत दहा कोटी डॉलरची भाषा होती. मग कोळशाचे भाव पडले, देणी थकत गेली, आणि दोन्ही क्लब एकाच वेळी एकाच माणसाच्या हातात आचके देऊ लागले. एकच गाव, एकच मालक, सामन्यांचं मैदानसुद्धा एकच. प्रयोगशाळेत मांडून ठेवावा असा प्रयोग.

नाइट्सच्या सभासदांनी भाबडेपणाने मत दिलं असेल, पण करार भाबडेपणाने केला नव्हता. मालकाने बँकेची हमी सतत जिवंत ठेवायची, अशी अट त्यात होती. २०१४ मध्ये हमीचं नूतनीकरण झालं नाही, अट मोडली, आणि क्लब टिंकलर यांच्या हातातून सुटला. ‘एनआरएल’ या लीगच्या शिखर संस्थेने तो काही वर्षं चालवला आणि २०१७ च्या अखेरीस न्यूकॅसलच्याच एका सामाजिक क्लब-समूहाच्या ताब्यात दिला.

जेट्सकडे असा कागद नव्हता. तिथे क्लब म्हणजे राष्ट्रीय संघटनेने एका कंपनीला दिलेला परवाना. २०१५ च्या मे महिन्यात टिंकलर यांनी ती कंपनी प्रशासकाच्या, म्हणजे देणी थकलेल्या कंपनीचा कारभार हाती घेणाऱ्या माणसाच्या, हवाली केली आणि संघटनेने परवानाच काढून घेतला. वर्षभराने एलईडीच्या धंद्यातल्या एका चिनी उद्योजकाला क्लब विकला गेला. त्यांनी काही काळाने हात आखडता घेतला आणि २०२१ च्या जानेवारीत त्यांचाही परवाना गेला. त्यानंतर जेट्स कोणी चालवला? लीगमधल्या इतर काही क्लबांच्या मालकांनी, वर्गणी काढून. म्हणजे शनिवारी ज्यांच्याविरुद्ध खेळायचं, महिनाअखेरीस पगार त्यांच्याच पैशातून घ्यायचा. हे २०२४ पर्यंत चाललं, मग कुठे नवे मालक आले. या सगळ्या वर्षांत न्यूकॅसलच्या सॉकरप्रेमींना कुणी एकदाही काही विचारलं नाही, कारण विचारायची कुठे तरतूदच नव्हती.

एनआरएलकडे क्लब पोसण्याइतका पैसा होता आणि सॉकरकडे नव्हता, हे खरं. पण बुडत्या मालकाच्या हातून क्लब काढून घेणं, हे पहिलं काम पैशाचं नव्हतं. ते एका कलमाचं काम होतं.

सुपर लीगच्या लढाईचा शेवट तडजोडीत झाला. १९९८ पासून एकच स्पर्धा, सुरुवातीला वीस संघ आणि २००० पर्यंत त्यांचे चौदा करायचे. १९०८ पासून खेळणारा, सर्वाधिक अजिंक्यपदं मिळवलेला साउथ सिडनी हा क्लब निकषांत बसला नाही आणि १९९९ च्या ऑक्टोबरमध्ये बाहेर काढला गेला. निकष गर्दीचे, उत्पन्नाचे, प्रायोजकांचे. कागदावर सगळं चोख. क्लबचा अध्यक्ष होता जॉर्ज पिगिन्स, जुना खेळाडू. तो कोर्टात गेला. २००० च्या नोव्हेंबरमध्ये सिडनीच्या रस्त्यावर ऐंशी हजारांच्या घरात माणसं लाल-हिरवे झेंडे घेऊन चालली. २००१ मध्ये फेडरल कोर्टाच्या पूर्णपीठाने क्लबच्या बाजूने निकाल दिला आणि २००२ मध्ये संघ परत मैदानात उतरला. गंमत अशी की २००३ मध्ये उच्चतम न्यायालयाने तो निकाल फिरवला. कायद्याच्या हिशेबाने साउथ सिडनीची हकालपट्टी योग्यच होती! पण तोवर त्यांना परत काढण्याची हिंमत कुणात उरली नव्हती. मोर्चाने जे केलं ते मोर्चा एकट्याने करू शकला नसता. दावा लावायला एक कायदेशीर व्यक्ती लागते, आणि ती होती सभासदांचा क्लब. परवाना रद्द झालेल्या कंपनीच्या वतीने कोण कोर्टात उभं राहतं?

मेलबर्नमध्ये हेच दहा वर्षं आधी घडलं होतं. १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये फुटस्क्रे या पश्चिमेच्या कामगार उपनगराला कळलं की त्यांचा रूल्स क्लब फिट्झरॉयमध्ये विलीन करण्याचं ठरलंय. एका सभासद बाईच्या नावाने दावा लागला, पीटर गॉर्डन नावाचा तरुण वकील पुढे झाला, कोर्टाने मुदत दिली. पंधरा लाख डॉलर जमवा, तीन आठवड्यांत. लोक चौकाचौकात डबे घेऊन उभे राहिले. रक्कम उभी राहिली. तो क्लब आज ‘वेस्टर्न बुलडॉग्ज’ या नावाने खेळतो आणि २०१६ मध्ये, बासष्ट वर्षांनी, अजिंक्य ठरला. १९९६ मध्ये हॉथॉर्न आणि मेलबर्न या दोन कर्जबाजारी क्लबांच्या विलीनीकरणावर सभासदांचं मतदान झालं. मेलबर्नवाले हो म्हणाले, हॉथॉर्नवाले नाही म्हणाले, योजना बारगळली. एकेकटे जगूच शकणार नाहीत असं ज्यांना सांगितलं गेलं होतं, त्यातल्या हॉथॉर्नने त्यानंतर चार अजिंक्यपदं मिळवली आणि मेलबर्नने २०२१ मध्ये एक. त्या वेळी आकडेमोड करून विलीनीकरणाचा सल्ला देणाऱ्यांची नावं आता कुणाला आठवतही नसतील.

आता माझ्याच म्हणण्याला छेद देणारं उदाहरण: फिट्झरॉय. १८८३ चा क्लब, १८९७ मध्ये सुरू झालेल्या स्पर्धेचा संस्थापक, आठ अजिंक्यपदं, पूर्णपणे सभासदांचा. तरी मेला. का? कारण त्याने नाउरूकडून कर्ज घेतलं होतं. नाउरू म्हणजे फॉस्फेटच्या पैशावर काही काळ गब्बर झालेलं प्रशांत महासागरातलं टीचभर बेट-राष्ट्र, जिथे रूल्स हाच राष्ट्रीय खेळ. साडेबारा लाख डॉलरच्या आसपासची ही रक्कम. आजच्या एखाद्या मोठ्या खेळाडूच्या वर्षाच्या पगाराएवढी. १९९६ च्या मध्यात धनकोने प्रशासक नेमला आणि त्या क्षणी सभासदांचं मत निरर्थक झालं. नॉर्थ मेलबर्नशी विलीन व्हायचं जवळजवळ ठरलं होतं. एकत्र संघ फार बलवान होईल या धास्तीने इतर क्लबांनी ते हाणून पाडलं आणि फिट्झरॉयचे खेळाडू-रंग ब्रिस्बेनला गेले. १ सप्टेंबर १९९६ ला पर्थमध्ये, घरापासून हजारो किलोमीटर लांब, तो संघ शेवटचा खेळला.

मला यात अपवाद दिसत नाही. ‘नाही’ म्हणण्याचा हक्क सभासदांकडून सावकाराकडे गेला, आणि सावकाराला क्लब नको होता, पैसे हवे होते. सभासदांची मालकी गहाण टाकता येत असेल तर ती मालकी नव्हे. शिवाय फिट्झरॉयची कंपनी पुढे प्रशासकाच्या हातून सुटली आणि आज जुन्याच मैदानावर हौशी लीगमध्ये तिचा संघ खेळतो, कारण खाली सभासद होते. वेस्टर्न युनायटेडबद्दल असं काही कधी सांगता येईल असं वाटत नाही.

वेस्टर्न युनायटेड हे आपल्या ओळखीच्या भागातलं प्रकरण. मेलबर्नच्या पश्चिमेला टार्नेट नावाचं उपनगर आहे. ऑस्ट्रेलियात नातलग असलेल्या मराठी घरांना ते नाव ऐकून माहीत असेल, कारण भारतातून गेलेल्या कुटुंबांची तिथे मोठी वस्ती आहे. तिथे खासगी पैशातून नवं स्टेडियम बांधू, आजूबाजूची जमीन विकसित करू, त्यातून क्लब चालेल, अशा आराखड्यावर या सॉकर क्लबला परवाना मिळाला आणि २०१९ मध्ये तो ए-लीगमध्ये आला. नीट वाचलं तर हा बांधकामाचा प्रकल्प होता, त्याला पुढे चेंडू जोडलेला. २०२२ मध्ये संघ अजिंक्य ठरला. स्टेडियम मात्र कागदावरच राहिलं. सरावाचं छोटं मैदान झालं, मोठं काही उभं राहिलं नाही. २०२५ मध्ये करथकबाकीची प्रकरणं कोर्टात पोचली, परवान्यावर गदा आली आणि २०२५-२६ चा हंगाम या क्लबविना सुरू झाला. तीन वर्षांपूर्वीचा विजेता क्लब, आणि त्याच्यासाठी डबा घेऊन चौकात उभं राहावं असं कुणाला वाटलं नाही. वाटलं असतं तरी तो डबा नेऊन द्यायचा कुणाला?

रग्बी युनियनच्या मेलबर्न रेबेल्सची कथा आणखी विचित्र. २०११ मध्ये जन्म, मग संघटनेकडून खासगी मालकाकडे, आणि २०१७ मध्ये त्या मालकाकडून एका डॉलरला व्हिक्टोरियाच्या राज्य संघटनेकडे. २०२४ च्या जानेवारीत क्लब प्रशासकाकडे गेला तेव्हा देणी २.३ कोटींच्या वर होती. राष्ट्रीय संघटनेने मे महिन्यात जाहीर केलं की हंगाम संपला की क्लबही संपणार. आणि त्याच हंगामात, सुपर रग्बी या बहुदेशीय स्पर्धेत पहिल्यांदा, रेबेल्स बाद फेरीत पोचले. खेळाडू क्लबच्या तेराव्याची तारीख माहीत असताना खेळत होते.

ए-लीगने मालकशाहीचं तर टोक गाठलं. लीगच क्लबमालकांच्या कंपनीने चालवायची, असं ठरलं. २०२१ च्या अखेरीस सिल्व्हर लेक या अमेरिकी गुंतवणूक संस्थेने त्यात १४ कोटी डॉलर घातले. त्यातले कोट्यवधी एका डिजिटल व्यासपीठावर गेले, जे २०२४ च्या सुरुवातीला गुंडाळलं गेलं आणि लीगच्या जवळपास निम्म्या कर्मचाऱ्यांवर नोकरी जाण्याची पाळी आली. मधल्या काळात, २०२२ च्या डिसेंबरमध्ये, पुढच्या तीन अंतिम सामन्यांचं यजमानपद सिडनीला विकून टाकलं. याआधी साखळीत सरस ठरलेल्या संघाला आपल्या गावात अंतिम सामना मिळायचा. ती एकच गोष्ट चाहत्यांच्या हातातली होती, तीही गेली. काही दिवसांतच मेलबर्नच्या सामन्यात लोक मैदानात घुसले, गोलरक्षकाच्या चेहऱ्यावर बादली आपटली, रक्त आलं. ते निंद्यच होतं. पण मतपेटीच ठेवली नाही तर राग कुठल्या वाटेने बाहेर येतो, याचा विचार मालकांनी करायला हवा होता. पुढच्या वर्षी तो सौदा मागे घ्यावा लागला.

सभासदांच्या क्लबांचं एवढं गुणगान केल्यावर त्यांच्या तिजोरीत डोकावायलाच हवं. तिथलं दृश्य सुंदर नाही. न्यू साउथ वेल्स राज्याने १९५६ मध्ये नोंदणीकृत क्लबांना ‘पोकी’, म्हणजे नाणी टाकून खेळायची जुगारयंत्रं, ठेवायला परवानगी दिली. आज त्या राज्यात अशी ऐंशी हजारांहून अधिक यंत्रं आहेत. रग्बी लीग संघांच्या मागे उभे असलेले ‘लीग्ज क्लब’ म्हणजे वरवर स्वस्त जेवण आणि बिअरचे सभागृह, आणि आत खिडक्या नसलेल्या दालनांत रांगेने लुकलुकणारी यंत्रं. २०२१ ते २०२४ सलग चार वर्षं अजिंक्य राहिलेला पेन्रिथ अशाच क्लबचा संघ. न्यूकॅसल नाइट्सना आधार देणारा समूहही याच धंद्यातला. गिरणी-कामगाराचा, ट्रकचालकाचा, एकट्या पेन्शनर बाईचा पैसा यंत्रात जातो आणि त्यातून त्यांच्याच वस्तीच्या लाडक्या संघाला आधार मिळतो. टिंकलरांच्या लहरीपेक्षा हे बरं, असं मला छातीठोकपणे म्हणवत नाही.

पण हे अटळ आहे असंही नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थच्या कॅसिनोबाहेर पोकी चालत नाही, आणि तिथले रूल्सचे दोन्ही क्लब ठणठणीत आहेत. मेलबर्नच्या क्लबांपैकी नॉर्थ मेलबर्नने सगळ्यांत आधी ही यंत्रं सोडली, आणि हा तिथला गरिबांतला गरीब क्लब. पुढे कॉलिंगवूडसारखे श्रीमंतही बाहेर पडले. त्यांना हे जमलं कारण एएफएल टीव्हीचा पैसा जाणूनबुजून असमान वाटते: ज्याची गर्दी कमी, मैदानाचा करार वाईट, त्याला जास्त. दुबळ्या संघाला जगवणं हा धर्मादाय नाही. समोर कुणी उभंच नसेल तर कॉलिंगवूड खेळणार कोणाशी? साबणाच्या कंपनीला प्रतिस्पर्धी बुडाला तर फायदा होतो, फुटबॉल क्लबला होत नाही. हे एवढं साधं गणित ए-लीगच्या मालकांच्या सभेत मात्र दर वेळी नव्याने मांडावं लागतं.

मराठी माणसाला सभासदांच्या संस्थेचं कौतुक सांगताना जरा जपूनच बोलावं लागतं, याची मला कल्पना आहे. सहकारी साखर कारखान्याच्या वार्षिक सभेत ‘मंजूर, मंजूर’च्या आरोळ्यांत ताळेबंद कसा पुढे सरकतो, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिलंय. पण कारखान्याच्या सभासदाचा ऊस, कर्ज आणि पोराची नोकरी अध्यक्षाच्या हातात असते, म्हणून तो गप्प बसतो. क्लबच्या सभासदाचं असं काही अडकलेलं नसतं. तो वर्गणी भरतो, शिव्या घालतो, अध्यक्षाला पाडतो आणि पुढच्या शनिवारी परत येऊन बसतो. इतका स्वतंत्र भागधारक कुठल्या संस्थेला मिळत नाही.

आणि आपल्याकडे? पुण्यात २०१० च्या दशकात चार व्यावसायिक क्लब होऊन गेले. पुणे एफसी २०१५ मध्ये संपला. भारत एफसी एकच हंगाम खेळला. शिवाजियन्स हा शहरातला जुना क्लब एका बांधकाम समूहाच्या नावानिशी आय-लीग या राष्ट्रीय स्पर्धेत गेला आणि २०१७ नंतर दिसेनासा झाला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. बालेवाडीच्या स्टँडमध्ये ढोल घेऊन येणारी पोरं होती; त्यांना ही बातमी मोबाइलवर कळली. मुंबईत महिंद्रा युनायटेड त्याआधीच, २०१० मध्ये, कंपनीच्या निर्णयाने गेला होता. गोव्यात २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग या तिघांनी एकदम आय-लीग सोडली. २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगच्या (आयएसएल) व्यावसायिक हक्कांसाठी निविदा निघाली तेव्हा एकही बोली आली नाही, आणि वर्षअखेरीस सिटी फुटबॉल ग्रुपने मुंबई सिटीतला आपला हिस्सा सोडला. हाच समूह मेलबर्न सिटीचाही मालक आहे. तिथे २०१४ मध्ये ‘मेलबर्न हार्ट’ नावाचा क्लब घेऊन त्याचं नावच बदललं होतं.

पुण्यात फुटबॉल चालत नाही, असं या सगळ्यावरचं आपलं ठरलेलं कारण. मग कोलकात्याकडे बघा. ईस्ट बंगाल आणि त्यांचा गुंतवणूकदार यांच्यात २०२१ मध्ये अंतिम करारावरून जुंपली. सभासदांचे हक्क जातील, असं सांगून क्लबच्या कार्यकारिणीने सही करायचं नाकारलं. गुंतवणूकदार पुढच्या वर्षी निघून गेला, त्या हंगामात संघ तळाला गेला, तज्ज्ञांनी क्लबला वेड्यात काढलं. काही महिन्यांत दुसरा गुंतवणूकदार आला. १९२० चा तो क्लब आजही आहे. त्या कार्यकारिणीत सगळे साधुसंत होते असं मी म्हणणार नाही, त्यांचेही हितसंबंध होतेच. पण सही न करण्याचा हक्क त्यांच्याकडे होता, आणि पुण्याच्या चारही क्लबांत तो कुणाकडे नव्हता.

म्हणून पुढच्या वेळी भारतात कुठल्या क्लबला परवाना देताना महासंघाने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात. मालकाची बँक हमी, दर वर्षी नव्याने. क्लबचं नाव, रंग आणि गाव बदलायला नोंदणीकृत सभासदांची संमती. आणि सभासदांच्या संस्थेला ठरावीक हिस्सा, जो गहाण टाकता येणार नाही. यावर उत्तर ठरलेलं आहे: अशा अटी घातल्या तर पैसेवाला फिरकणारच नाही.

साउथ सिडनीत २००६ मध्ये अभिनेते रसेल क्रो आणि उद्योजक पीटर होम्स ए कोर्ट क्लब विकत घ्यायला आले. विक्रीला ७५ टक्के सभासदांची संमती लागणार होती. ज्याने क्लब कोर्टातून परत आणला तो पिगिन्स विरोधात उभा होता. ठराव जेमतेम काठावर पास झाला. ३० लाख डॉलरना त्यांना ७५ टक्के हिस्सा मिळाला आणि २५ टक्के सभासदांकडे राहिला. पैसेवाले या अटींवर आले. २०१४ मध्ये संघ त्रेचाळीस वर्षांनी अजिंक्य ठरला. नंतर होम्स ए कोर्ट बाहेर पडले, जेम्स पॅकर आले, माइक कॅनन-ब्रुक्स आले. ७५ टक्क्यांतले भागीदार बदलत राहिले. २५ टक्के अजून सभासदांकडेच आहेत.